एका वेळीं एक

यंत्राचें मोठेपण त्याच्या वेगावरून अथवा तें किती भार उचलतें यावरून ठरवावें, अशी आपली सर्वांची समजूत असते. त्या मापानें पाहिल्यास पहिल्या लष्करी हेलिकॉप्टराइतकें दुबळें यंत्र क्वचितच सांपडेल. तथापि आम्हांला त्याच्याविषयीं फार आदर वाटतो.

१९४४ च्या मार्चमध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें जपान्यांशीं निकराची लढाई झाली. तींत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. मराठा पलटणींना साताऱ्याकडील गांवें पिढ्यान्‌पिढ्या माणसें देत आलीं आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्या वेळीं साताऱ्यांतच मोडत असे. २६ मार्चच्या रात्रीं ठाणें सोडतांना, हलवितां न येण्याजोगे सुमारें १०० जखमी मागें ठेवावे लागले.

महिना पुरा होतो न होतो तोंच, २५ एप्रिल रोजीं, शेजारच्या ब्रह्मदेशांत कार्टर हार्मन या अमेरिकन लेफ्टनंटानें शत्रूच्या मुलखांत सिकोर्स्की हेलिकॉप्टर उतरविलें. तेथें एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले होते. त्या दमट उष्म्यांत यंत्राला चालकाखेरीज एकच माणूस पेलवे. दोन खेपा होतांच इंजिन तापून बसलें. उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशीं आणलें. चार माणसें, चार खेपा! एकेका घागरीनें घर भरणाऱ्या माणदेशांतील बाईला या हिशेबाचें नवल वाटणार नाहीं.

असल्या यंत्रानें सांगशाकचे जखमी सुटले असते, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या वर्गांत फौजी घरांतलीं मुलें पुष्कळ येतात, आणि त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट मनांत येते. युद्धाचा हिशेब पलटणींनीं होतो. ज्या घरचा माणूस परतला नाहीं, त्या घरीं मागें राहिलेला एकच असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णेच्या महापुरांत सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळची नाव उलटली व अनेक जीव गेले. नावेंत पेलतील त्याहून अधिक माणसें होतीं. पुढच्या खेपेचा भरंवसा नसला म्हणजे माणसें मिळेल त्या नावेंत चढतात. तो त्यांचा दोष नव्हे. ब्रह्मदेशांतील ते दोघे रात्रभर थांबूं शकले, कारण आदल्या दिवशीं दोनदां आलेलें यंत्र पुन्हां येईल अशी त्यांना आशा होती.

म्हणून सुटकेचें कोणतेंही साधन पुढें आलें कीं, तें किती जणांना नेतें हें आम्ही मागाहून विचारतों. परत येणार कीं नाहीं, हें आधीं.