घराचा तोंडवळा

कोकणात घराला रंग लागतो तो गणपतीच्या आधी. मुंबईहून फोन येतो, रंगाचे डबे आणले जातात आणि श्रावणात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की रंगारी शिडी लावतो. चाकरमानी पोचतात तेव्हा घर ओळखू येऊ नये इतकं उजळलेलं असतं. शिमग्याला तीच माणसं परत येतात, तेव्हा जोत्यापासून कमरेपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. मग डब्याला नावं ठेवली जातात, रंगाऱ्याला बोल लावला जातो. खरं तर श्रावणात भिंत पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यावर रंगाची कातडी चढवली, की आतलं पाणी ती कातडी फाडूनच बाहेर येतं.

जुनी घरं दुरुस्त करण्यात हयात गेलेला गवंडी अशा घरापुढे उभा राहिला की रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो थापी उलटी धरतो आणि तिच्या दांड्याने गिलाव्यावर ठोकत ठोकत भिंतीच्या कडेने चालू लागतो. ठण, ठण, ठण. आणि मध्येच बद्द. बद्द वाजलं की तिथे कोळशाने रेघ. तासाभरात भिंतीवर बेटांचा नकाशा तयार होतो: एवढा गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे, नुसता स्वतःच्या पापडावर उभा आहे. मग तो प्रत्येक बेटाच्या वर मान करून बघतो. बहुतेक वेळा त्याच रेषेत वळचणीला एखादं फुटकं कौल, सरकलेली रीप किंवा गंजलेली पन्हळ सापडते. घराचा चेहरा भिंतीवर बिघडलेला दिसतो, पण दुखणं छपरात नाहीतर जोत्यात असतं.

हे समजायला भिंत कशाची आहे ते आधी समजावं लागतं. कोकण-गोव्यातलं जुनं घर म्हणजे जांभ्याचे चिरे. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात केरळातल्या या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. खाणीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली की कठीण होतो. पण कठीण झाला तरी सच्छिद्रच राहतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो चिरा पाणी पिणारच. जुन्या बांधकामाने हे मान्य केलेलं होतं. त्यावरचा गिलावा शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा असायचा. पावसाळ्यात ओल येई आणि दसऱ्यापासून पुढे ती चुन्यातून वाट काढून उडून जाई.

सिमेंटने ही वाट बंद केली. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, पोरबंदरला कारखाना 1914 मध्ये सुरू झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी ते खेड्यापाड्यात पोचलं. नव्या विटांच्या आणि काँक्रीटच्या घरात ते शोभतं. चिऱ्याच्या भिंतीवर त्याचा थर दिला, तर जोत्यातून चढलेलं पाणी मागे अडकतं, क्षार तिथेच साठतात आणि भिंतीला लोणा लागतो. वरून टणक, आतून चुरा. घर ‘नवं’ करायचं म्हणून अंगावर जे जे चढवलं जातं, त्यातलं बरंचसं याच जातीचं आहे. जोत्याला चिकटवलेल्या चकचकीत फरश्या, भिंतीलगतचा काँक्रीटचा पट्टा, सारवलेल्या खळ्याच्या जागी अंगणभर पेव्हर ब्लॉक. अलीकडे गिलावा पूर्ण खरवडून चिरा उघडा करायचा आणि वर वॉर्निश मारायचं, अशीही हौस दिसते. फोटोत ते देखणं येतं. पण गिलाव्याखाली राहायच्या हिशोबाने लावलेल्या चिऱ्यातली मऊ माती तिरप्या पावसात धुपत जाते, आणि वॉर्निश तिला सुकू देत नाही.

म्हणून जुन्या घराचं दर्शन सुधारायचं तर काम काढून टाकण्यापासून सुरू करावं. सिमेंटचा थर हलक्या हाताने छिन्नीने उतरवायचा, चिऱ्याच्या कडा न उडवता. आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायची. हे घरमालकाला सगळ्यात जड जातं. लग्नसराईत, पाहुण्यांच्या वर्दळीत घर सोलल्यासारखं उभं राहतं, शेजारी विचारतात. तरीही थांबावंच. जे सुकलं नाही, ते झाकू नये.

दरम्यान छप्पर. एकोणिसाव्या शतकात, 1860 च्या दशकात, बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचे कारखाने काढले आणि तिथली खाचांची कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळे होते. नळे दर वर्षी परतावे लागत, मंगलोरी कौलं खाचेत अडकून बसतात. ती उतरवून, घासून, फुटकी तेवढी बदलून पुन्हा चढवली की अर्धं घर तिथेच उजळतं. शेवाळ निघालेल्या जुन्या कौलाचा तांबडा रंग कुठल्याही डब्यात मिळत नाही. वळचण मात्र कापू नये. पूर्वी पावसाळ्यात भिंतीला विणलेली झापं लावत, ती आता कोणी लावत नाही. झडीला अडवायला उरली ती लांब वळचणच. पागोळ्या पडतात तिथे खडीचा चर केला, की चिखल उडून भिंतीवर येत नाही.

लाकडाचंही तसंच. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यासमोर उभं राहिलं, की नजर थेट सुरूच्या आकाराच्या खांबांच्या सज्ज्याकडे जाते. सगळा डौल कोरलेल्या लाकडात आहे. साध्या घरांच्या खांबांवर आणि चौकटींवरही पानाफुलांचं बारीक काम असतं, पण ऑइलपेंटच्या दहा-बारा थरांखाली ते बुजलेलं असतं. ते थर उतरवून अळशीचं तेल दिलं, की पाकळ्यांच्या कडा पुन्हा हाताला लागतात. गोव्यात शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या काढून सरकत्या अॅल्युमिनियमच्या बसवतात, त्याचं फार वाईट वाटतं. त्या शिंपल्याला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. गेलेलं तावदान परत येणार नाही.

आणि रंग? पणजीच्या फोंताइन्हासमध्ये पिवळी, निळी, तांबडी घरं एकाला एक लागून उभी आहेत, तरी ती अंगावर येत नाहीत, कारण दारं-खिडक्यांभोवतीचा पांढरा पट्टा प्रत्येक रंगाला चौकट देतो. तिथे रंगकामाची जुनी रीत पावसाळ्यानंतरची, हेही लक्षात घ्यावं. मोजके दोन रंग, जोत्याला काव, चौकटीला पांढरा. जुन्या घराला एवढं पुरतं.

भिंत सुकली, तिच्यावर पुन्हा चुन्याचा गिलावा चढला, की शेवटी सफेदी. मुरवलेला चुना पातळ करून गाळून घ्यायचा. भिंतीवर पाणी शिंपडायचं, मग कुंचल्याने पहिला हात. जो पहिल्यांदा बघतो तो हमखास घाबरतो: काही दिसतच नाही. ओला चुना पाण्यासारखा पारदर्शक असतो, मागचे डाग जसेच्या तसे. गवंडी काही न बोलता कुंचले धुऊन ठेवतो. रात्रभरात चुना सुकतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड व्हायला लागतो, आणि सकाळी मालक दात घासत खळ्यात येतो तेव्हा भिंत पांढरी झालेली असते. अजून दोन हात बाकी असतात.