गुन्हा सोडून सगळं केलेला माणूस

सिनेमातला सोज्वळ निरपराध मला कधी फारसा जवळचा वाटला नाही. त्याच्यावर आळ येतो, तो आभाळाकडे बघतो आणि मध्यंतराच्या आत आपण सगळे त्याचे वकील होऊन बसतो. दिग्दर्शक सर्जिओ सोल्लिमाचा कुचिलो सांचेझ आपल्याला एवढं स्वस्तात सुटू देत नाही. 'द बिग गनडाउन' (इटलीत 'ला रेसा देई कोन्ती', १९६६) या चित्रपटातला हा मेक्सिकन इसम भुरटा आहे, थापाड्या आहे, बाई दिसली की पाघळतो, आणि दया दाखवणाऱ्याच्याही हातावर तुरी देऊन पळतो. पण बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारल्याचा जो आरोप त्याच्यावर आहे, तेवढं मात्र त्याने केलेलं नाही.

त्याच्या मागावर असतो जोनाथन कॉर्बेट. ली व्हॅन क्लीफचे ते बारीक, थंड डोळे, स्वच्छ कपडे, मोजके शब्द. टेक्सासात गुंडांचा कर्दनकाळ म्हणून त्याचं नाव आहे आणि सिनेटची खुर्ची त्याला खुणावते आहे. ती मिळवून देऊ शकणारा रेल्वेवाला धनिक ब्रॉकस्टन आपल्या मुलीच्या लग्नाच्या समारंभात त्याला गाठतो, आणि तिथेच कुचिलोच्या गुन्ह्याची बातमी येऊन थडकते. कॉर्बेट लाचखाऊ नाही, हीच खरी गंमत. प्रामाणिक माणसाला चुकीच्या दिशेला पाठवायला पैसे लागत नाहीत. त्याचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास पुरतो. मळकट, फाटका, दात विचकून हसणारा माणूस गुन्हेगारच असणार, हे त्याने न तपासता धरलेलं असतं. खरं सांगायचं तर आपणही धरलेलं असतं.

कुचिलो झालेला टोमास मिलियान हवानाचा. न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत शिकून तो इटलीत आला आणि व्हिस्कोन्तीसारख्या दिग्दर्शकाकडे काम करून मग वेस्टर्नच्या या धुळीत उतरला. धूळही टेक्सासची नव्हे, स्पेनमधल्या आल्मेरियाची. तो सरळ चालतच नाही. सरपटतो, उड्या मारतो, मार खाताना अर्धवट हसतो. निर्दोषत्वाची भाषणं करत बसायला त्याला वेळ कुठे आहे? गरिबाचं कुणी ऐकत नाही हे त्याला फार आधी कळलेलं आहे, म्हणून तो पायांवर भरवसा ठेवतो. कथेमागे फ्रँको सोलिनास होता. त्याच वर्षी आलेल्या 'बॅटल ऑफ अल्जिअर्स'चाही लेखक तोच. त्यामुळे सत्तेच्या बाजूने बंदूक कोण आणि का उचलतो, हा प्रश्न इथे घोड्यांच्या टापांखालीही ऐकू येत राहतो.

मग शिकार सुरू होते. ब्रॉकस्टन कुत्री आणि माणसं घेऊन स्वतः मेक्सिकोत उतरतो, सोबत एकाक्ष चष्मा लावणारा ऑस्ट्रियन बॅरन. या बॅरनच्या द्वंद्वाला संगीतकार एन्निओ मोरिकोनेने बीथोव्हनची 'फ्युर एलिझे' वापरली आहे. दिवाणखान्यात पियानोवर वाजणारी ती सुबक धून उघड्या माळावर पिस्तुलांच्या मधोमध येते, आणि सभ्यपणाचीच भीती वाटायला लागते. मोरिकोनेची शिट्टी आणि गिटार सगळ्यांच्या तोंडी. मला मात्र त्याची ही खोडी जास्त आवडते.

खरा गुन्हेगार निघतो ब्रॉकस्टनचा जावई. कॉर्बेटला हे उमगतं तेव्हा तो क्षमा मागत नाही. पिस्तूलवाल्या जावयासमोर कुचिलोला त्याच्या सुरीनिशी उभं राहू देतो. फाटक्या माणसाला त्याच्या स्वतःच्या हत्याराने लढू देणं, एवढाच त्याचा न्याय. शेवटी कॉर्बेट आणि कुचिलो थोडं अंतर बरोबर दौडतात आणि आपापल्या वाटेला लागतात.

सोल्लिमाने १९६८ मध्ये 'रन, मॅन, रन'मध्ये कुचिलोला पुन्हा पळवलं, या वेळी क्रांतीच्या सोन्यामागे. मिलियान तिथेही धमाल करतो. पण कॉर्बेट नाही. त्याच्याविषयी मत बदलावं लागेल असं कुणी मागावर नसलं, की कुचिलोची धाव नुसतीच धाव राहते.