आधी पाणी, मग बेअरिंग

प्रिय भाचेबुवा,



पत्र पोचलं. डिझाइन खात्यात पहिलंच काम बेअरिंगचं मिळालं, हे फार बरं झालं. गिऱ्हाइकाकडे तोच पंप पुन्हा पुन्हा बेअरिंग खातोय, साहेब म्हणतात ६३०९ काढून एक साइझ मोठं टाक, तर मामा, तुमचं काय म्हणणं, असं विचारलंयस. माझं म्हणणं एवढंच की इतक्यात टाकू नकोस.

आधी हिशोब बघ. ६३०९ चं भोक ४५ मिमी, आणि त्याची डायनॅमिक क्षमता कॅटलॉगात साधारण ५५ किलोन्यूटन दिलेली असते. समजा त्यावर ५.५ किलोन्यूटन लोड येतो. भागाकार १०, त्याचा घन १,०००, म्हणजे १,००० दशलक्ष फेरे. १४५० आरपीएमला हे होतात साडेअकरा हजार तास. पंप चोवीस तास चालणारा असेल, तर सव्वा वर्षाच्या आसपास खेळ आटोपला. तोच लोड निम्मा कर, आयुष्य आठपट होतं. दहा वर्षं बघायला नको. आणि हे आयुष्यसुद्धा शंभरातल्या नव्वद बेअरिंगांनी गाठायचं असतं, उरलेली दहा त्याआधीच जाणार असं गृहीत धरलेलं आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पंपांसाठी एपीआय ६१० हे मानक २५,००० तास मागतं. १४५० आरपीएमला त्यासाठी तो भागाकार १३ च्या घरात लागतो.

आता या गणितात क्षमतेचा आकडा छापील आहे, फेरे मोटर ठरवते. राहिला लोड. तो कुठल्याच कॅटलॉगात मिळत नाही, आणि घनामुळे तिथे थोडं चुकलं तरी सगळं फिसकटतं. म्हणून बेअरिंग निवडणारा माणूस खरं तर पाण्याचा अभ्यास करत असतो.

पंप नेमून दिलेल्या डिस्चार्जला चालतो तेव्हा व्हॉल्यूटमध्ये इंपेलरभोवती दाब सगळीकडे जवळपास सारखा असतो. व्हॉल्व्ह आवळून डिस्चार्ज कमी केला की हा समतोल मोडतो. एका बाजूला दाब वाढतो, दुसरीकडे पडतो, आणि पाणी इंपेलरला सतत एकाच बाजूला रेटत राहतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद, तेव्हा हा रेटा सर्वांत जास्त. आपल्याकडे पंप घेताना ‘असू दे जरा जास्तीचा’ म्हणून मोठा घेतात आणि मग जन्मभर व्हॉल्व्ह आवळून चालवतात. त्या जास्तीच्या हेडची किंमत विजेच्या बिलात दिसते, बेअरिंगच्या बिलात कुणी शोधत नाही.

त्यात तुमचा पंप एंड सक्शन, म्हणजे इंपेलर दोन्ही बेअरिंगांच्या बाहेर लटकलेला. दोन बेअरिंगांमध्ये २०० मिमी अंतर आणि इंपेलर पुढच्या बेअरिंगपासून १५० मिमी पुढे असेल, तर इंपेलरवर आलेल्या २,००० न्यूटनचे पुढच्या बेअरिंगवर ३,५०० होतात. मागच्यावर १,५०० येतात, तेही उलट्या दिशेने. म्हणून मोठ्या बेअरिंगची फाइल उघडण्यापूर्वी इंपेलर आत घेता येतो का, सीलची जागा आखडता येते का, हे ड्रॉइंगवर बघ. तिथे वाचवलेले २० मिमी फुकटात मिळतात आणि शाफ्टचं वाकणंही कमी होतं.

दुसरा लोड शाफ्टच्या दिशेने येणारा. एकाच बाजूने पाणी घेणाऱ्या इंपेलरच्या तोंडाशी सक्शनचा दाब आणि पाठीमागे डिस्चार्जचा, त्यामुळे शाफ्ट सक्शनकडे ओढला जातो. हे कमी करायला इंपेलरला बॅलन्स होल पाडतात आणि पाठीमागेही वेअर रिंग देतात. ही मागची रिंग झिजली की गळती वाढते, भोकांना ती निपटत नाही, पाठीमागे दाब चढतो आणि थ्रस्ट वाढतो. नवा असताना निर्धास्त चाललेला पंप जुना झाल्यावर बेअरिंग खाऊ लागतो, त्यामागे बऱ्याचदा ही रिंग असते. थ्रस्ट मोठा असेल तर ७३०९ या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची ४० अंशांची जोडी पाठीला पाठ लावून बसव. मात्र जोडी बसवलीस की पुढचं बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकायला मोकळं ठेव. शाफ्ट हाउसिंगपेक्षा ३० अंश जास्त तापला, तर २०० मिमीत ०.०७ मिमी वाढतो. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर ही वाढ गोळ्यांवरच जाते, आणि हा लोड तुझ्या हिशोबात धरलेलाच नसतो.

आता साहेबांचं ‘एक साइझ मोठं’. बेअरिंगला लोड फार कमी असला तरी ते बिघडतं. गोळ्या लोळायच्या ऐवजी घसरतात, तेलाचा थर फाटतो, रेस खरवडते. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत थ्रस्ट एकाच दिशेचा असला की दुसरं बेअरिंग जवळपास रिकामं फिरतं, ते आधी खराब होतं. मोठं बेअरिंग गरमही जास्त होतं. म्हणजे अंदाजाने वाढवलेली साइझ हा काही विमा नव्हे.

मग खरा लोड कळायचा कसा? निकामी बेअरिंग कापून घे आणि बाहेरची रेस उजेडात धर. गोळ्यांनी उमटवलेली चकाकती वाट बघ. वाट खालच्या बाजूला थोडीच आणि मधोमध असेल, तर लोड सरळ आणि एका दिशेचा होता. मधून सरकून कडेला गेली असेल तर थ्रस्ट. एका बाजूला वर, समोरच्या बाजूला खाली अशी तिरकी असेल तर अलाइनमेंट चुकलंय. समोरासमोर दोनच ठिकाणी उमटली असेल तर हाउसिंगचं भोक गोल नाही, ते बेअरिंगला चिमटतंय. आणि गोळ्यांच्या अंतराने नुसते खड्डे असतील, वाट नसेल, तर तो पंप बहुधा स्टँडबाय होता. शेजारचा चालू पंप फाउंडेशन हलवत राहिला आणि हा जागच्या जागी ठोकला गेला. अशा पंपाचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून ठेवायचा असतो, तिथे बेअरिंग बदलून काय होणार?

यावरून एक जुनी गोष्ट आठवते. १९०७ साली स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्टने आपसूक जुळवून घेणारं दुहेरी ओळींचं बॉल बेअरिंग काढलं. तो गोटेनबर्गला कापड गिरणीत होता, खालची चिकणमाती खचायची आणि लाइन शाफ्ट वाकडे व्हायचे. त्याच साली ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी, कोहूना इथल्या पंपात ए. जी. एम. मिशेलचं थ्रस्ट बेअरिंग पहिल्यांदा बसलं. किंचित कलणारे पॅड स्वतःच तेलाची पाचर धरतात, ही त्याची कल्पना. आज मराठवाड्यातल्या बोअरमध्ये उतरणाऱ्या सबमर्सिबलच्या मोटरच्या तळाशी याच घराण्याचं बेअरिंग असतं, फक्त तेलाच्या जागी पाणी. म्हणून मोटर सोडण्याआधी तिच्यात पाणी भरलं का, हे मेकॅनिक विचारतो. विंगक्विस्टने आधी जागेवरचा त्रास पाहिला, बेअरिंग नंतर आलं.

तेव्हा साहेबांकडून गिऱ्हाइकाकडच्या सक्शन आणि डिस्चार्ज गेजचे आकडे मागव, व्हॉल्व्ह किती उघडा असतो ते विचार, आणि दोन्ही निकामी बेअरिंगं मागवून घे. दोन गेजवरून हेड निघेल, हेडवरून कर्व्हवरचा बिंदू. तो नेमलेल्या डिस्चार्जच्या निम्म्याखाली निघाला, तर बेअरिंगला हात लावू नकोस. इंपेलर ट्रिम करायचा प्रस्ताव दे, बिल कमी येईल म्हणून गिऱ्हाईकही खूश होईल. आणि बिंदू जागेवर, वाट सरळ, तरीही बेअरिंग आयुष्याआधी जात असेल, तर साहेबांचं ऐक आणि मोठं टाक.

ताईला नमस्कार सांग. तिचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कळव.

तुझा,
मामा

ता.क. नवं बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवू देऊ नकोस. आतली रिंग घट्ट आणि फटका बाहेरच्या रिंगवर, असं झालं की जोर गोळ्यांमधून जातो आणि पंप सुरू होण्याआधीच रेसवर खड्डे पडतात. हीटर नसेल तर मागवून घ्या. भाव विचारला तर सांग, एका बेअरिंगच्या तक्रारीत वसूल होतो.