पंखा बंद ठेवून

आमच्या हॉलमध्ये पंखा आणि सॉफ्टबॉक्स एका वेळी चालू शकत नाहीत, हे मला पहिल्याच रात्री कळलं. स्टँड उत्साहाने पूर्ण उंच केला आणि सॉफ्टबॉक्सची वरची कड फिरत्या पात्याला लागली. कापड वाचलं, एक काडी वाकली. आई आतून म्हणाली, "काय गं मोडलंस?" मी "काही नाही" म्हटलं आणि पंखा बंद केला.

दोन फ्लॅश, दोन स्टँड, एक साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स आणि कॅमेऱ्यावर बसवायचा ट्रिगर. एवढं सामान घ्यायला मी दोन वर्षं पैसे साठवले होते. बाकीचा स्टुडिओ घरातूनच उभा राहिला. रिफ्लेक्टर म्हणून फ्रिजबरोबर आलेली थर्माकोलची शीट. स्टँड कलंडू नये म्हणून पायात पाच किलो तांदळाची पिशवी. पार्श्वभूमीला राखाडी चादर. तिला इस्त्री करायला जेवढा वेळ गेला तेवढा फोटोलाही लागला नाही.

कॅमेरा शटर एकशे साठाव्या सेकंदावर, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १०० असा लावून आधी फ्लॅश न उडवता फोटो घेतला. तो पूर्ण काळा आला. तसाच यायला हवा होता: म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड फोटोत येत नाही, जे दिसेल ते आपल्या फ्लॅशचं. मग तासभर मी पाण्याच्या स्टीलच्या कळशीला मॉडेल केलं. दिवा तीन फुटांवरून सहा फुटांवर नेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो, हे शाळेत भौतिकशास्त्रात पाठ केलं होतं. कळशीवर पाहिलं तेव्हा पटलं. दिवा जवळ असला की सावलीच्या कडा मऊ होतात आणि मागची चादर आपोआप अंधारात जाते. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. आमची भिंत पीच रंगाची आहे, आणि तिच्यावर आपटून आलेला उजेडही पीच होऊन येतो. त्या बाजूला काळी शाल टांगली तेव्हा कुठे कळशी स्टीलची दिसायला लागली.

हे सगळं आईसाठी होतं. तिला ते सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं.

आईचा नीट बसून काढलेला एकच फोटो आहे. 1976 सालचा, साताऱ्यातल्या एका स्टुडिओतला, दाखवायचा फोटो. वीस वर्षांची आई, एक हात स्टुलावर, शेजारी प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. फोटोतली मुलगी गोरी आहे. आई गोरी नाही. त्या काळी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने बारीक काम करत. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. सुरकुत्या, वांग जायचे आणि मुलींचा रंगही. आजोबांनी त्याचे वेगळे पैसे दिले होते म्हणे. पाहुणे प्रत्यक्ष बघायला आले तेव्हा त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चहा अर्धा ठेवून उठले. ही गोष्ट आई हसत सांगते, पण त्यानंतर ती कुठल्याही ग्रुप फोटोत मागच्या रांगेतच सापडते.

माझ्या डोक्यात त्यामुळे भलतंच चढलं होतं. वाचनही तसंच झालेलं. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' पाठवायची. त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. मी ठरवलं, आईचा फोटो जसा आहे तसा काढायचा.

रविवारी दुपारी ती बसली. मोतिया रंगाची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून. चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसत होता. दिवा वर नेला, चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, चौकोन गेला. पंखा बंद, त्यामुळे दोघी घामाघूम. आधी एफ ५.६ वर घेतलं तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पदर लुकलुकायला लागला, म्हणजे तिथला तपशील जळाला. मी एफ ८ केलं. पंधरा-वीस फोटो झाले. डोळ्यात छान ठिणगी, गालावर सावली. मी खूश.

लॅपटॉपवर तिने पाहिलं आणि म्हणाली, "एवढी काळी नाहीये गं मी."

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. मी म्हणाले, "आई, आता तूच असं म्हणणार? असण्यात वाईट काय आहे?" आणखीही बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. मग तिने उजवा हात पडद्याशेजारी धरला. "अगं, हात बघ ना."

हात पाहिला. तिचं बरोबर होतं. पदर वाचवायला मी उजेड निम्म्यावर आणला होता आणि चेहरा त्यात बुडाला होता. साताऱ्याच्या फोटोवाल्याने शिसं लावलं, मी अंधार लावला. मी कॅमेऱ्याकडे बघून ठरवत होते, आईकडे नाही.

परत बसवलं तिला. एफ ५.६. सॉफ्टबॉक्सचं तोंड थोडं वर फिरवलं, म्हणजे पदरावर कडेचा, मंद उजेड पडेल. थर्माकोलची शीट तिच्याच मांडीवर दिली. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड यांवर रुंद चमक आली, तिच्या कातडीवर उन्हात येते तशी. पाचच फोटो घेतले.

तिने बराच वेळ पाहिलं. पुन्हा हात लावून पाहिला.

"नाकावर चमकतंय."

"काढून टाकू?"

"नको. राहू दे." मग थर्माकोल बाजूला ठेवत म्हणाली, "तो दिवा जरा खाली घे आणि पंखा लाव आधी."