दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची

मालवणला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, आतलं शिवराजेश्वराचं देऊळ, तारकर्लीची वाळू, आणि परतताना पिशवीत खाजं नि कोकम. दोन दिवस त्यात सहज जातात. तिसरा दिवस हाताशी असेल तर मात्र, मैत्रिणींनो, कुडाळवरून सावंतवाडी गाठा. मोती तलावाच्या काठी भोसल्यांचा राजवाडा आहे. तिथे गंजिफा रंगवतात. तो खेळ आहे की भक्ती, हे बघूनच ठरवा.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मूळ खेळ इराणकडचा, मोगलांबरोबर इकडे रुजला. बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याचा उल्लेख येतो. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं. आपल्याकडे आल्यावर त्याचे दहा रंग झाले, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे एकूण १२०. परशुरामाच्या पानांवर परशू, वामनाच्या पानांवर कमंडलू, मत्स्याच्या पानांवर मासे. दश्शी म्हणजे दहा मासे, तेही हाताने काढलेले!

आता तुम्ही म्हणाल, पत्ते आणि देव? आपल्या घरांत पत्त्यांना कधी मान नव्हता. धर्मराजाने द्यूतात द्रौपदी पणाला लावली, ती गोष्ट आपण बायका तरी कशी विसरू? पण गंजिफेला पैसा लागतोच असं नाही आणि देवाचं नाव घेतल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. "वामनाचा प्रधान गेला का?" "कूर्माची दश्शी कोणाकडे?" असंच बोलावं लागतं. त्यामुळे पुण्य लागतं की नाही ते मी सांगणार नाही. तासभर जिभेवर शेजारणीचं नाव येत नाही, एवढं मात्र खरं.

आणि कोकणात देव इतका लांबचा नाहीच. इथे देवळात उभं राहून त्याला गाऱ्हाणं घालतात, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो, त्यालाही माणसं "खेळ"च म्हणतात. रात्री देव झालेला माणूस सकाळी आपल्या शेतावर जातो आणि त्यात कोणाला विटाळ वाटत नाही. त्याच मातीत देवाचं पान हातात धरून डाव मांडला, तर नवल काय?

खेळायला तिघी पुरतात, प्रत्येकीला ४० पानं. हुकूम नाही. दिवसा खेळलात तर ज्या हातात रामाचा राजा, तिची पहिली उतारी. रात्री तोच मान कृष्णाच्या राजाला. मला सगळ्यांत आवडतो तो पुढचा नियम. पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या पाच रंगांत हेच उलटं: एक्का प्रधानाच्या खालोखाल बसतो आणि दश्शी तळाला जाते. शेंडेफळाला पुढच्या पाटावर बसवावं तसं! मोठं कोण, लहान कोण, हे कोणाच्या दरबारात उभे आहात यावर ठरतं. संतांनी निराळं काय सांगितलं? फक्त इथे ते पानं टाकता टाकता कळतं, आणि चुकलं की हात जातो. कोणतं पान पडलं, कोणतं राहिलं, हे सगळं डोक्यात ठेवायचं. महिन्याचं वाणसामान तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला ते जड जाऊ नये.

हा खेळ जवळजवळ संपला होता. छापील इंग्रजी पत्ते स्वस्त मिळू लागले, मग हाताने रंगवलेलं पान कोण घेणार? पूर्वीची कृती ऐका: थर चिकटवायला चिंचोक्यांची खळ, वर रंग, त्यावर लाखेची झिलई. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. २०१८ साली त्या गेल्या. काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. विकत घेतलेला कॅट बहुतेक घरांत काचेच्या चौकटीत जातो. दिवाणखान्यात दहा अवतार टांगलेले, आणि मत्स्याचा एक्का वरचढ की दश्शी, हे विचारलं तर पाहुण्यांबरोबर घरधनीही गप्प! देवघरातला देव निदान रोज अंघोळ तरी करतो. हाताने केलेली वस्तू स्वस्त नसते हे मान्य. तेव्हा आधी घरी जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापा, मुलांकडून मासे-कासवं काढून घ्या आणि डाव शिका. खरा कॅट मग घ्याल तेव्हा तो भिंतीवर जाणार नाही.

पत्ते लहान आणि गोल, पिसायला अवघड. चादर अंथरून तिच्यावरच कालवा. आणि दुपारच्या चहाआधी बसलात, तर रामाचा राजा कोणाकडे आलाय ते पहिल्यांदा विचारा.