पॅकेटच्या पोटात

लढाऊ विमानाला रूप असतं. नॅट पाहा, हंटर पाहा. जमिनीवर उभी असतानाही ती निघायच्या घाईत दिसतात. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात गर्दी असते ती त्यांच्याभोवती. बाहेर उघड्यावर फेअरचाइल्ड कंपनीचं सी-११९ उभं असतं. आपल्या हवाई दलात त्याला नुसतं 'पॅकेट' म्हणत. त्याच्यापाशी फार कुणी रेंगाळत नाही. लग्नात सगळ्यांच्या नजरा नवरदेवाच्या घोड्यावर. वऱ्हाडाच्या ट्रंका घेऊन आलेल्या गाडीचा फोटो कोण काढतो?

दिसायलाही पॅकेट तसं विचित्रच. मधे चौकोनी पेटी, दोन्ही अंगांना दोन लांबलचक दांडे आणि त्यांच्या टोकांना जोडणारी आडवी शेपटी. शेपटी अशी दूर नेऊन ठेवल्यामुळे पेटीची मागची बाजू मोकळी राहते. ट्रक उलटा घेत थेट तिला भिडवायचा, की माल आत. भरायला आणि रिकामं करायला सोपं जावं, एवढ्याच हिशेबाने आखलेलं हे विमान आहे. त्याचं ते रोखठोक कुरूपपण मला आवडतं. एक अडचण मात्र होती. मागची मोठी दारं उडताना उघडता येत नसत. हवेतून माल टाकायचा तर दारं जमिनीवरच उतरवून ठेवायची आणि मागची भिंतच नसलेलं विमान घेऊन उडायचं. लडाखच्या आकाशात, त्या उघड्या तोंडाशी उभं राहून पोती बाहेर ढकलायची म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करून पाहा.

१९५४ मध्ये भारताने अमेरिकेकडून अशी २६ विमानं घेतली. पुढे त्यांत आणखी भर पडली. थोड्याच वर्षांत उत्तर सीमा तापू लागली. लडाखमध्ये आणि नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, चौक्या उभ्या राहिल्या, पण तिथवर रस्ते पोचले नव्हते. चौकीवरच्या जवानाची कणीक, डाळ, राकेल, औषधं, सगळं आकाशातून यायचं. पॅकेटची दोन पिस्टन इंजिनं मैदानी मुलखात दणकट होती, हिमालयाच्या विरळ हवेत मात्र त्यांचा दम तोकडा पडे. म्हणून विमानाच्या पाठीवर मधोमध एक छोटं जेट इंजिन चढवलं. नंतर त्या जागी ऑर्फियस नावाचं जेट इंजिन बसवलं. नॅट उडायचं तेही ऑर्फियसवरच, हे फोटो काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

२३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. काराकोरम खिंडीजवळची ही जागा समुद्रसपाटीपासून १६,६१४ फुटांवर आहे. काँक्रीटची धावपट्टी नव्हती. होती ती सपाट केलेली माती. इतक्या उंचीवर उतरण्यापेक्षा पुन्हा उडणं अवघड, आणि उडालं नाही तर ते ओढून न्यायला कुणी येणार नव्हतं. तीन महिन्यांत चीनशी युद्ध पेटलं. पुढे १९६६ मध्ये भूकंपाने तिथली जमीन भुसभुशीत झाली आणि विमानं उतरणं थांबलं. हवाई दलाचं एएन-३२ तिथे उतरलं तो दिवस ३१ मे २००८. मधे चाळीसहून जास्त वर्षं गेली होती.

याच जातीचं एक विमान अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनच्या संग्रहालयात आहे. त्याची गंमत निराळी. १९ ऑगस्ट १९६० रोजी हवाई बेटांजवळ, अंतराळातून पॅराशूटने खाली येणारी हेरगिरीच्या फिल्मची कुपी त्याने हवेतल्या हवेत अडकवून धरली. कॅप्टन हॅरल्ड मिचेल यांना ते तिसऱ्या झेपेत साधलं. कक्षेतून परतलेली वस्तू हवेत झेलण्याची ती पहिलीच वेळ. हे काम पडलं ते मालवाहू विमानावर.

आपल्या मुलखाशी पॅकेटचं नातं जुळतं ते टांगाईलमुळे. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पॅकेट, डकोटा, एएन-१२ आणि कॅरिबू अशा विमानांच्या ताफ्यातून २ पॅरा ही पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे कमांडर. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, हे तिचं काम. पूल हाती आला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीवरून लढत येऊन तिला मिळाली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. आकाशातून उतरलेले मराठे आणि चालत आलेले मराठे बंगालातल्या एका पुलावर भेटले, आणि या भेटीवर आपल्याकडे एखादं नाटक लिहिलं गेलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पाच हजार छत्रीधारी उतरल्याची बातमी तेव्हा जगभर पसरली. प्रत्यक्षात होते सातशेच्या आसपास. वर्तमानपत्रांना दिलेला फोटो आग्र्याच्या जुन्या सरावाचा होता. फोटो खोटा नव्हता, फक्त त्या दिवसाचा नव्हता.

ऐंशीच्या दशकात पॅकेट निवृत्त झालं. संग्रहालयात पंख आहेत, इंजिनं आहेत, चाकं आहेत, पण विमान ज्यासाठी होतं ते नाही. कणीक खाऊन संपली, राकेल जळून गेलं, माणसं उड्या मारून निघून गेली. मालवाहू विमानाचा इतिहास त्याच्या पोटात असतो, आणि ते पोट प्रत्येक फेरीला रिकामं होतं. पंखांच्या लांबीपेक्षा कोणत्या चौकीवर काय टाकलं याची यादी फलकावर लावली, तर लोक दोन मिनिटं जास्त थांबतील असं माझं ठाम मत आहे.

ती यादी आता कागदांपेक्षा माणसांजवळ जास्त असेल. टांगाईलला उडी मारलेला सगळ्यांत कोवळा जवानही आज सत्तरी ओलांडून गेलाय. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तुमच्या घरात, भावकीत असा कुणी असेल, किंवा लडाखच्या चौकीवर वरून पडलेल्या पोत्यांवर जगलेला कुणी असेल, तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा.