प्रबंधाचा चौथा वाचक

मराठी विभागांमध्ये एक जुना विनोद सांगितला जातो. पीएच.डी.च्या प्रबंधाला तीनच वाचक असतात : लिहिणारा, त्याचा मार्गदर्शक आणि बहिःस्थ परीक्षक. त्यांपैकी तिसऱ्याने तो पूर्ण वाचला असेलच याची खात्री देता येत नाही आणि दुसऱ्याबद्दल चारचौघांत बोलायचे नसते. विनोद ऐकून सगळे हसतात, कारण प्रत्येकाला आपल्याच प्रबंधाची आठवण होते. मात्र या विनोदात जो दोष माणसांच्या आळसावर ढकललेला आहे, तो बराचसा व्यवस्थेचा होता. चौथ्या वाचकाला प्रबंधापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. ती वाट बांधण्याचे काम आपल्या देशात गेली पंचवीस वर्षे चालू आहे. तंत्रज्ञांनी आणि ग्रंथपालांनी ते केले. साहित्याच्या अभ्यासकांमध्ये त्याची चर्चा अभावानेच होते.

पूर्वीची रीत आठवून पाहा. प्रबंध टंकलिखित असे. कार्बन लावून चार-पाच प्रती निघत. शेवटच्या प्रतीतली अक्षरे आजच निम्मी पुसट झालेली आहेत. कापडी बांधणी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत शीर्षक, नाव आणि साल. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक विभागात, एक मार्गदर्शकांच्या घरी, एक स्वतःच्या. पदवी मिळाली की प्रबंध कपाटात जाई. त्यातला एखादा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तरी बहुधा परिशिष्टे गाळून होई, कारण प्रकाशकाला तेवढी पाने परवडत नसत. परिणामी अभ्यासकाचे विवेचन छापले जाई आणि ज्या सामग्रीवर ते उभे होते ती कपाटातच राही. वाङ्मयीन समीक्षेच्या प्रबंधात यामुळे फारसे बिघडत नसेल. लोकसाहित्याच्या आणि बोलींच्या प्रबंधात मात्र फार बिघडते.

२००६ साली मी खानदेशातल्या स्त्रीगीतांवर काम करत होते. आखाजीला झोक्यांवर म्हटली जाणारी गौराईची गीते हा त्यातला एक भाग होता. याच विषयावर वीसेक वर्षांपूर्वी एक प्रबंध झाला आहे, हे मला एका निवृत्त प्राध्यापकांनी बोलता बोलता सांगितले. तो खानदेशात नव्हता. त्याचे लेखक नोकरीनिमित्त दूरच्या जिल्ह्यात गेले होते आणि तिथल्याच विद्यापीठात त्यांनी तो सादर केला होता. प्राचार्यांचे पत्र घेऊन, एस.टी.ने रात्रभर प्रवास करून मी तिथे पोहोचले. प्रबंध मिळाला. नियम असा होता, की झेरॉक्स मिळणार नाही, प्रबंध टेबलावरून हलवायचा नाही आणि टिपणे पेन्सिलीनेच काढायची. विवेचनाचा भाग साधारणच होता. पण शेवटी सुमारे १३० पानांचे परिशिष्ट होते आणि त्यात प्रत्येक गीतापुढे गाणारीचे नाव, गाव, अंदाजे वय आणि माहेर नोंदवलेले होते. माहेराची ती नोंद पाहून मी थक्क झाले. गाणे मुलीबरोबर सासरी जाते. म्हणून गाण्याचे गाव शोधायचे तर गाणारीचे माहेर विचारले पाहिजे, हे त्या संशोधकाला कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकावाचून समजले होते. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची वये तेव्हाच सत्तरीच्या पुढची होती. तीन दिवसांत मी ४१ गीते उतरवून घेतली. उरलेली तिथेच राहिली.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. माझ्या पिढीतल्या कोणत्याही संशोधकाकडे असा एक तरी प्रवास असेल. त्यातला शिणवटा मी फारसा महत्त्वाचा मानत नाही. अभ्यासकाने प्रवास करावाच. खरी अडचण वेगळी होती : असा प्रबंध आहे, हे कळण्याचा माझ्याकडचा एकमेव मार्ग म्हणजे एका वृद्ध प्राध्यापकांची स्मरणशक्ती. ज्ञान जर एखाद्याच्या आठवणीवर अवलंबून असेल, तर त्याला संचित म्हणता येत नाही.

सूची करण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे तर आपल्या भाषेचे भूषणच आहे. १८०० ते १९३७ या काळातल्या मुद्रित ग्रंथांचा तिचा पहिला खंड १९४४ साली प्रसिद्ध झाला. पण प्रबंध मुद्रित नसतो, म्हणून तो ग्रंथसूचीच्या कक्षेबाहेर राहतो. भारतीय विद्यापीठ संघाने १८५७ ते १९७० या काळातल्या प्रबंधांची सूची काढली आणि पुढे आपल्या साप्ताहिकातून नव्या प्रबंधांच्या याद्या छापल्या. या कामाचे मोल मोठेच आहे. तरीही यादी शीर्षक सांगते, आतले काही सांगत नाही. ‘खानदेशातील लोकगीते : एक अभ्यास’ एवढ्यावरून आत माहेरांची नोंद आहे, हे कोणाला कसे उमगावे?

प्रबंध लोकांपुढे यायला हवा, हा विचार संगणकाबरोबर आलेला नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठाला त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर प्रबंध सादर केला. तो ग्रंथरूपाने लंडनहून १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पीएच.डी. पदवी त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ साली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी द्यायची नाही, अशी तिथली तेव्हाची रीत होती. तिच्यामुळे विद्यार्थ्यावर खर्चाचा बोजा पडे, हे खरे. पण तिच्यामागची भूमिका मला पटते. पदवी ही परीक्षकांच्या खोलीतली खासगी गोष्ट नाही. ज्याला पदवी हवी आहे त्याने आपले म्हणणे अनोळखी वाचकापुढे ठेवले पाहिजे. आपल्या विद्यापीठांनी पदवी घेतली, ही अट मात्र घेतली नाही.

ती अट वेगळ्या रूपात परत यायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७पासून प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच सादर करणे बंधनकारक केले; तसे करणारे ते पहिलेच विद्यापीठ. आपल्याकडे मैसूर विद्यापीठाने २००० साली शालिनी अर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘विद्यानिधी’ हा प्रकल्प सुरू केला. भारतीय प्रबंधांचे राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय हेच त्याचे उद्दिष्ट होते आणि भारतीय भाषांतल्या नोंदी त्या त्या लिपीत, युनिकोडमध्ये ठेवता याव्यात, याचा विचार त्या मंडळींनी आरंभीच केला होता. पण एका विद्यापीठाने कितीही मनावर घेतले, तरी इतरांनी प्रबंध दिलेच पाहिजेत, अशी सक्ती त्याला करता येत नव्हती. ती सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी आणली. पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले आणि ‘इन्फ्लिबनेट’ या आयोगाच्या केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उभे केले. २०१६च्या विनियमांनी हा क्रम उलटा केला : आधी प्रत द्या, मग पदवी जाहीर करा. कोलंबियाची ती जुनी अट, छपाईचा खर्च वगळून, अशी आपल्यापर्यंत पोहोचली.

शोधगंगेवर आज ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला यातला बदल रोज दिसतो. आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय तीन खोल्यांचे आहे. पण एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी शेतावरून परतल्यावर मोबाइलवर गोव्याच्या किंवा हैदराबादच्या विद्यापीठातला मराठीचा प्रबंध वाचते आणि दुसऱ्या दिवशी तासाला विचारते, ‘मॅडम, यांनी दुसऱ्या प्रकरणात जे गृहीत धरलंय, ते चौथ्यात सोडूनच दिलंय ना?’ हा प्रश्न प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत विचारला गेला होता की नाही, कोण जाणे. तो आता विचारला जातो आहे. गोवा, बडोदे, हैदराबाद, धारवाड अशा ठिकाणी मराठीचे संशोधन पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. ते महाराष्ट्राच्या दृष्टीआड राहत होते. ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा मराठीपुरता मला दिसणारा अर्थ हा.

यावर दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला असा, की प्रबंध उघड्यावर ठेवला की चोरी वाढते. माझा अनुभव याच्या उलट आहे. कपाटातल्या प्रबंधाची चोरी निर्धास्तपणे करता येत होती. उघड्यावरच्या प्रबंधाची चोरी पकडली जाते. साम्य तपासणाऱ्या प्रणाली मराठी मजकुराला अजून पुरत्या सरावलेल्या नाहीत, हे मान्य. पण जागरूक वाचकाइतकी चांगली प्रणाली दुसरी नाही आणि असा वाचक बंद कपाटात मिळत नाही. दुसरा आक्षेप सहसा मोठ्याने उच्चारला जात नाही : आपल्या संशोधनाचा दर्जा चव्हाट्यावर येईल. तो येतोच. एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांचा ‘चिकित्सक अभ्यास’ चार विद्यापीठांत चार जणांनी केल्याचे दिसते, तेव्हा मान खाली जाते. पण हे दिसू लागल्यामुळेच पाचव्या विद्यार्थ्याला आपण दुसरीकडे वळवू शकतो. दर्जा झाकून सुधारल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. मराठीचे पुष्कळसे प्रबंध या भांडारात आहेत आणि तरीही सापडत नाहीत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासूनच स्थान आहे. पण आपल्याकडचे टंकलेखन त्यानंतरही कित्येक वर्षे अशा फाँटांत होत राहिले, ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो आणि संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर असते. असा प्रबंध डोळ्यांनी वाचता येतो; शोधता येत नाही. त्यातले वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले, तर चिन्हांचा बुजबुजाट उमटतो. टंकलिखित पाने स्कॅन करून ठेवलेली असतील, तर ती निव्वळ चित्रे असतात. उरतो तो नोंदीचा आधार, आणि तीही पुष्कळदा रोमन लिपीत असते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ज्ञ’ एकाने डी-एन-वाय असा लिहिला, दुसऱ्याने जे-एन असा, तिसऱ्याने हिंदीच्या सवयीने जी-वाय असा. तीन प्रबंध तीन वेगळ्या टोपल्यांत पडले. त्यात प्रकरणागणिक स्वतंत्र फाइल आणि फाइलचे नाव नुसते ‘प्रकरण ३’. कपाटाला कुलूप होते, तेव्हा निदान कुलूप दिसत तरी होते.

हे काम गांधीनगरच्या केंद्रात बसलेल्या अभियंत्याकडून होणार नाही. त्याने करावे अशी अपेक्षाही रास्त नाही. नोंदी विद्यापीठाकडून जातात, आणि ‘ओवी’ व ‘अभंग’ यांतला फरक, ‘अहिराणी’ व ‘खानदेशी’ ही दोन्ही नावे एकाच प्रबंधाला का जोडावीत, हे मराठीच्या अभ्यासकालाच कळते. देवनागरीत शीर्षक, तीनशे शब्दांचा मराठी सारांश, नेमके सूचक शब्द, परिशिष्टात काय आहे त्याची चार ओळींची माहिती आणि मजकूर युनिकोडमध्ये. प्रत्येक प्रबंधामागे फार तर दोन दिवसांचे हे काम. त्याने गुणांकन वाढत नाही, त्यावर चर्चासत्र भरत नाही. दात्यांच्या सूचीचेही असेच होते.

जुन्या प्रबंधांचा प्रश्न याहून निकडीचा आहे. २००९च्या आधीचे प्रबंध विद्यापीठांनी आपणहून अंकीकृत करायचे आहेत; काहींना त्यासाठी अनुदानही मिळाले. काही विद्यापीठांनी ते नेटाने केले, काहींनी ठेवणीतली कपाटे अजून उघडलेली नाहीत. गेल्या वर्षी मी आखाजीच्या गीतांचा तो प्रबंध शोधगंगेवर शोधला : लेखकाच्या नावाने, विषयाने, नाव रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी. मिळाला नाही. पुसट होत चाललेल्या कार्बन प्रतीत त्या आज्ज्यांची नावे आणि माहेरे आहेत, आणि माझ्या वहीत ४१ गीते.

याचा अर्थ एकदा अंकीकरण झाले की निश्चिंत व्हावे, असाही नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथली ब्रिटिश प्रबंधांची ‘एथॉस’ ही मोठी सेवा एका रात्रीत बंद पडली. दीर्घकाळ ती वापरता आली नाही. म्हणून कागदाची प्रत रद्दीत जाता कामा नये, विद्यापीठाकडे स्वतःची अंकीय प्रत असली पाहिजे आणि राष्ट्रीय भांडारातली प्रत त्यांच्या जोडीला असली पाहिजे. पोथ्यांच्या काळी मठामठांतून नकला होत, त्यामागेही हेच शहाणपण होते.

आमच्या संशोधन केंद्रात आजवर अकरा जणांना पीएच.डी. मिळाली. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी त्या अकराही प्रबंधांच्या नोंदी देवनागरीत, सारांशासह आणि परिशिष्टांच्या तपशिलासह तयार करून विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाठवायचे ठरवले आहे. पहिली नोंद पूर्ण झाली. त्या प्रबंधाच्या परिशिष्टात आमच्याच तालुक्यातल्या वडारवस्तीवरचे ३०० शब्द अर्थांसह दिलेले आहेत, हे त्याच विभागात बारा वर्षे शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यालाही ठाऊक नव्हते. त्याने ती पाने त्याच दिवशी घरी नेली.